अपलोड सुरू केलं की वाय-फाय तुटतं: दोष शोधायचा क्रम

व्हिडिओ न अडखळता चालतो, व्हॉट्सअॅपचे निरोप येतात-जातात, बातम्यांची पानं पटापट उघडतात. पण हळदी-लग्नाच्या फोटोंचं फोल्डर ड्राइव्हवर टाकायला घेतलं, किंवा सेवा केंद्रात एकामागून एक दाखले चढवायला घेतले, की थोडं पुढे जाऊन सगळं अडतं. वाय-फायचं चिन्ह जातं, परत येतं आणि अपलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू. ‘नेट चालस, पन फाईल जात नही’ ही तक्रार जळगावच्या स्टुडिओत ऐकू येते तशीच शहाद्याच्या सेवा केंद्रातही ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात, नाहीतर मोठा प्लॅन घेतात. पहिल्या उपायाने तासभर बरं वाटतं. दुसऱ्याने पैसे जातात आणि अनेकदा दोष तसाच राहतो.

हा लेख विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप वापरणाऱ्या आणि नेटवर्कची फारशी माहिती नसलेल्या माणसासाठी आहे. खाली दिलेला क्रम सोडू नका, आणि एका वेळी एकच बदल करून पाहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोपऱ्यात दिसणाऱ्या सिग्नलच्या कांड्या एवढंच सांगतात, की राउटरचं बोलणं लॅपटॉपला किती स्पष्ट ऐकू येतं. लॅपटॉपचं बोलणं राउटरपर्यंत पोचतं का, ते त्या सांगत नाहीत. देवळावरच्या भोंग्याची आरती लांबच्या शेतात स्पष्ट ऐकू येते, पण शेतातून दिलेली हाक देवळापर्यंत जात नाही. डाउनलोडमध्ये बोलण्याचं काम मुख्यतः राउटरचं असतं आणि अपलोडमध्ये लॅपटॉपचं. राउटरला भिंतीतून सलग वीज मिळते, त्याच्या अँटेनाही मोठ्या असतात. लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं असतं, अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेत दडवलेल्या असतात आणि शिवाय बॅटरी वाचवायची असते. म्हणून कांड्या पूर्ण दिसत असूनही अपलोड तुटू शकतं. ‘सिग्नल तर फुल आहे’ म्हणून तपास थांबवू नका.

पायरी पहिली: नेमकं काय तुटतंय ते बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो या पायरीत, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मात्र इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. स्टार्टवर क्लिक करून ‘सीएमडी’ लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबा. वाय-फायच्या भागात ‘डिफॉल्ट गेटवे’ अशी ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता. घरोघरी तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

आता अशा दोन काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. पहिलीत ‘पिंग’, एक जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा एक जागा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘टी’ हे अक्षर लिहा. दुसरीत तसंच लिहा, फक्त राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ टाका. हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एक ओळ उमटू लागेल. ओळीच्या शेवटाकडे ‘टाइम’ असतो, म्हणजे उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी एकत्र दाबा.

आता अपलोड सुरू करा. चाचणीसाठी दोन-तीनशे एमबीची एकच फाईल ठरवा, ती लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा आणि दरवेळी तीच वापरा. पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवू नका. का, ते पुढे येईल. मग दोन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवा.

राउटरची खिडकीच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘जनरल फेल्युअर’ दाखवू लागली, किंवा तिथला वेळ २-५ मिलिसेकंदांवरून शेकड्यांत गेला, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत आहे, म्हणजे खरोखरच वाय-फायमध्ये.

राउटरची खिडकी शांत आहे, म्हणजे तिथला वेळ कमीच आहे, पण ८.८.८.८ चा वेळ ३०-४० वरून हजार-दोन हजारांवर चढला, तर वाय-फाय तुटलेलंच नाही. बाहेर जाणारी वाट तुमच्याच अपलोडने भरून गेली आहे.

राउटर शांत आहे आणि ८.८.८.८ पूर्ण बंद पडलं, तर लाइन किंवा ओएनटी म्हणजे फायबरची डबी तपासायची.

दोन्ही खिडक्या व्यवस्थित चालू असताना फाईल अडली, तर दोष वेबसाइटमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा फाईलमध्येच आहे.

यातला आपला प्रकार कोणता ते ठरवा आणि त्याच भागाकडे जा.

वाट भरून गेली असेल तर

हा प्रकार खूप जणांच्या ध्यानात येत नाही, कारण बघणाऱ्याला ‘नेट गेलं’ असंच वाटतं. अपलोड करताना लॅपटॉप मिळेल तेवढी जागा घेतो. राउटर किंवा ओएनटी जास्तीची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आपल्या साठ्यात रांगेत उभी करतं. तुम्ही दुसरं पान उघडायला गेलात, की त्याची छोटीशी विनंतीही याच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. पान उघडत नाही, व्हिडिओ कॉल गोठतो. कधी कधी विंडोजसुद्धा ‘नो इंटरनेट’ दाखवतं. प्रत्यक्षात जोडणी शाबूत असते.

यावर उपाय वेग वाढवण्याचा नाही, थोडा आवरण्याचा आहे. आधी स्पीड टेस्ट करून अपलोडचा खरा वेग बघा. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. समजा अपलोड १० एमबीपीएस निघाला. हे मेगाबिट आहेत. ८ ने भागलं की सेकंदाला साधारण १२५० केबी होतात. त्यातले ८० टक्के, म्हणजे १००० केबी, ही मर्यादा तुमच्या अॅपमध्ये घाला. लॅपटॉपवरच्या गूगल ड्राइव्ह अॅपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘बँडविड्थ सेटिंग्ज’ असतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्येही अपलोडचा वेग बांधून देण्याची सोय आहे. वीस टक्के जागा मोकळी राहिली की रांग साचत नाही, शेजारच्या टेबलावरचं काम चालू राहतं आणि अपलोडही न अडखळता शेवटाला जातं. काही राउटरांत ‘क्यूओएस’ नावाने हीच सोय सगळ्या घरासाठी मिळते. असेल तर तिथेही अपलोडची मर्यादा अशीच थोडी खाली ठेवा.

आणि हिशोब आधीच करून ठेवा. अपलोड २ एमबीपीएस असेल तर १ जीबी जायला तासाहून थोडा जास्तच वेळ लागतो. ५ एमबीपीएसवर ४ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पावणेदोन तास खातो. पाहुण्याला ‘दहा मिनिटांत पाठवतो’ म्हणण्याआधी एवढा भागाकार करावा. वेळ एवढा लागणारच असेल, तर अपलोड रात्री लावा, आणि लॅपटॉप झोपी जाऊ नये म्हणून पॉवर सेटिंगमध्ये चार्जरवर असतानाचा ‘स्लीप’ ‘नेव्हर’ करून ठेवा.

खरोखर वाय-फायच तुटत असेल तर

आधी लॅपटॉप उचलून राउटरच्या खोलीत न्या, तीन-चार पावलांवर बसा आणि तीच फाईल पुन्हा चढवा. इथे तुटलं नाही, तर दोष अंतराचा आणि मधल्या अडथळ्यांचा आहे. इथेही तुटलं, तर तो लॅपटॉपमध्ये किंवा राउटरमध्ये आहे.

वाय-फाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. अडथळ्यांचा विचार आपल्याकडच्या घरांप्रमाणे करायला हवा. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, पण ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यांच्यातून फारसा पार जात नाही. २.४ गिगाहर्ट्झचा थोडा जातो. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी जड पडते, कारण पाणी हा सिग्नल शोषतं. त्यात पत्र्याचा कूलर! चारी बाजूंनी लोखंडी पत्रा आणि पोटात पाणी, म्हणजे सिग्नलसाठी दोन्ही प्रकारची भिंत. मार्च-एप्रिलमध्ये कूलर खिडकीत बसवला आणि तेव्हापासून नेट तुटू लागलं असेल, तर राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधून एक सरळ रेघ कल्पून बघा. ती कूलरमधून जात असेल, तर दोघांपैकी एकाची जागा बदला. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज यांनाही हेच लागू आहे.

राउटर उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या मध्याजवळ ठेवा. फायबर दारातून आत येतं म्हणून राउटरही दाराशीच टांगायचा असा नियम नाही. ओएनटी दाराशी राहू द्या आणि तिथून लॅनची केबल ओढून राउटर आतल्या खोलीत न्या. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे पुढच्या दुकानापासून मागच्या घरापर्यंत सहज पुरते. केबल घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. प्लगमध्ये बसवायच्या स्वस्त रिपीटरपेक्षा मी नेहमी केबल सुचवतो. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर तेच पाकीट आधी ऐकतो आणि मग पुन्हा बोलतो. त्यात वेग साधारण अर्ध्यावर येतो आणि अपलोडची ओढाताण वाढते.

उष्णता हा वेगळा मुद्दा आहे आणि जळगाव-भुसावळकडे तो हलक्यात घेण्यासारखा नाही. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालण्याची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सियस दिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या दुकानात दुपारी त्याहून जास्त. नेट सकाळी ठीक आणि दुपारी दोन ते पाच तुटत असेल, तर राउटर पत्र्याजवळून खाली उतरवा, ओएनटी आणि राउटर एकमेकांवर रचलेले असतील तर वेगळे करा आणि पंख्याचा वारा लागेल अशा जागी ठेवा. लॅपटॉपही गादीवर ठेवून अपलोड लावू नका, त्याची खालची जाळी बंद होते.

आता बँड. २.४ गिगाहर्ट्झवर बाजारपेठेत फार गर्दी असते. दाणाबाजारातल्या एखाद्या दुकानात बसून आजूबाजूची वाय-फायची नावं मोजली तरी लक्षात येईल. या बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की ते उघडतं) जाऊन यांपैकी सर्वांत मोकळं चॅनेल निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की कागदावर वेग वाढतो, पण शेजाऱ्यांशी टक्करही वाढते. लॅपटॉप आणि राउटर एकाच खोलीत असतील तर मात्र ५ गिगाहर्ट्झच वापरा. तिथे ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढची चॅनेलं निवडा. ५२ ते ६४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारचा संशय आला की राउटरला ते चॅनेल लगेच सोडावं लागतं, आणि त्या क्षणी तुमची जोडणी तुटते.

अनेक राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात. मग लॅपटॉप दोघांमध्ये उड्या मारत राहतो, आणि अपलोड नेमकं त्या उडीत सांडतं. राउटरच्या पानावर दोन्हींना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला एकाशीच बांधा. तिथेच सुरक्षेचा प्रकारही बघा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ चा मिश्र प्रकार काही जुन्या कार्डांना झेपत नाही. तसं वाटलं तर डब्ल्यूपीए२ एईएस ठेवून चाचणी करा.

एक ताकीद मात्र मनापासून. राउटरच्या किंवा ओएनटीच्या मागे ‘रीसेट’ लिहिलेलं बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी घालू नका. त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. ओएनटीमध्ये कंपनीने भरलेली माहितीही जाते आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. बंद-चालू करायचं तर ते विजेच्या बटणाने.

बाहेरची हार्डडिस्क: न दिसणारा दोषी

फोटोग्राफर आणि व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. कार्यक्रमाचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर असतो. डिस्क यूएसबी ३ च्या केबलने लॅपटॉपला लावतात आणि तिथूनच थेट अपलोड सुरू करतात. यूएसबी ३ ची जोडणी काम करताना जो विद्युत गोंगाट करते, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे फाईल वाचायला डिस्क जोरात चालू होते त्याच वेळी तिच्याशेजारच्या वाय-फायच्या कानात गोंगाट शिरतो. डिस्क निष्क्रिय असताना सगळं छान, अपलोड सुरू केलं की तुटलं!

ओळखायची खूण सोपी आहे. डिस्क चालू असताना ब्लूटूथचा किंवा वायरलेस माउसही अडखळत असेल, तर संशय पक्का धरा, कारण तोही त्याच बँडवर बोलतो. उपाय तीन: फाईल आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा, बाहेरची डिस्क काढा आणि मग चढवा. किंवा डिस्क जास्त लांबीच्या, चांगल्या केबलने लॅपटॉपपासून दूर ठेवा. किंवा अपलोडपुरते ५ गिगाहर्ट्झवर जा. तिसरा उपाय माझ्या पसंतीचा आहे. कॉपी करण्यात अर्धा तास घालवावा लागत नाही.

लॅपटॉपच्या सेटिंग

राउटरजवळ बसूनही, बाहेरची डिस्क न लावताही तुटत असेल, तर इकडे या.

पहिली तपासणी विजेची. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू प्लॅनच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’ उघडा. ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’खाली ‘पॉवर सेव्हिंग मोड’ असतो. बॅटरी आणि चार्जर दोन्हींसमोर ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ ठेवा. बॅटरीवर असताना विंडोज इथे आपोआप काटकसर करतं. लोडशेडिंगची वेळ झाली, राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, लॅपटॉप मात्र बॅटरीवर गेला आणि त्या क्षणापासून अपलोड तुटू लागलं, तर काही कार्डांत कारण हेच निघतं. नव्या काही लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. मग थेट पुढे जा.

स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये तुमचं वाय-फाय कार्ड शोधा. त्याच्या नावात इंटेल, रियलटेक, मीडियाटेक असं काही असेल. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला मुभा देणारी चौकट असते. तिथली खूण काढा. मग शेजारच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जा. कार्डाप्रमाणे यादी बदलते, पण ‘ट्रान्समिट पॉवर’ असेल तर ती ‘हायेस्ट’ ठेवा. लॅपटॉपचं बोलणं याच आकड्यावर ठरतं. ‘रोमिंग अॅग्रेसिव्हनेस’ एकच राउटर असलेल्या घरात कमी करा, म्हणजे कार्ड सारखं दुसरा राउटर शोधत बसणार नाही. ‘प्रिफर्ड बँड’ मघाशी ठरवल्याप्रमाणे. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर त्याच ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’खाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ड्रायव्हर खूप जुना असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचाच नवा घ्या. आधी फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि मगच जुना ड्रायव्हर काढा. वाय-फायचा ड्रायव्हर काढल्यावर नवा कशाने आणणार, हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉपला विंडोज ११ झेपत असेल तर तो बदल करून घ्यावा.

लॅपटॉप दोषी की राउटर, हे ठरवायला एक झकास युक्ती आहे. अँड्रॉइड फोन घरच्याच वाय-फायला जोडा, केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. बहुतेक फोनांत आता लॅपटॉप फोनच्या वाय-फायवरून बाहेर जातो. अपलोड नीट झालं तर राउटर निर्दोष आणि लॅपटॉपचं कार्ड किंवा ड्रायव्हर दोषी. फक्त टेदरिंग करताना मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर चाचणीतच दिवसाचा डेटा संपायचा.

अजून पुरावा हवा असेल तर काळी खिडकी ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ लिहा. चार शब्द, मध्ये एकेक जागा. विंडोज मागच्या ३ दिवसांचा अहवाल बनवतं आणि तो कुठे ठेवला तेही सांगतं. ब्राउझरमध्ये उघडला की जोडणी कधी तुटली आणि कोणत्या कारणाने, हे वेळेसकट दिसतं. दुरुस्तीवाल्याकडे जाताना हा अहवाल सोबत न्या. ‘कधी कधी तुटतं’ या वाक्यापेक्षा त्याचा उपयोग फार जास्त होतो.

राउटरच बंद पडून सुरू होतोय का?

राउटरच्या पानावर ‘स्टेटस’मध्ये ‘अपटाइम’ लिहिलेला असतो, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे. अपलोड तुटल्यावर लगेच तो बघा. पाच-दहा मिनिटंच दाखवत असेल, तर राउटर मध्येच बंद पडून पुन्हा उठला आहे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं, किंवा वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर येताना क्षणभर खंड पडतो. दिव्याला तो जाणवत नाही, राउटरला पुरतो. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावला की हा प्रश्न मिटतो. घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचा: १२ व्होल्ट आहे का, आणि अँपिअर १, १.५ की २. यूपीएस तेवढे किंवा जास्त अँपिअर देणारा हवा, व्होल्ट मात्र तंतोतंत तेच. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही लागेल. लोकांची अर्धी सोय इथेच राहून जाते. जुना, हाताला चटका देणारा अडॅप्टरही बदलून बघा.

हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी

धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्याच्या कुशीत किंवा रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात फायबर नसतं, फोनच राउटर असतो. तिथे हॉटस्पॉट सोडा आणि केबलने यूएसबी टेदरिंग करा. वाय-फायचा टप्पाच गळतो आणि फोन चार्जही होत राहतो. फोन खिडकीत किंवा ओट्यावर, टॉवरच्या बाजूला ठेवा, पण उन्हात नको. तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो. फोनमध्ये व्होएलटीई (४जी वरूनच कॉल करण्याची सोय) चालू आहे ना ते बघा, कारण ते बंद असेल तर कॉल येताच डेटा थांबू शकतो. आणि अपलोडही रोजच्या डेटा-मर्यादेतच मोजलं जातं. मर्यादा संपली की वेग इतका खाली येतो की ते तुटल्यासारखंच दिसतं.

नेट ठीक, तरी फाईल अडते

दोन्ही पिंग शांत असताना सरकारी किंवा विद्यापीठाच्या पोर्टलवर फाईल अडली, तर वाय-फायला दोष देऊ नका. फाईलचा आकार पानावर लिहिलेल्या मर्यादेत आहे का ते बघा. कागद २०० डीपीआयवर, काळ्या-करड्या रंगात स्कॅन केला की दाखला वाचण्याजोगा राहतो आणि आकार पुष्कळ उतरतो. फाईलच्या नावात जागा, मराठी अक्षरं किंवा चिन्हं नकोत. पोर्टलवर लॉगिनला वेळेची मर्यादा असते, म्हणून सगळी कागदपत्रं तयार ठेवून मगच लॉगिन करा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदा करून बघा. मोठ्या फाईलींसाठी ब्राउझरपेक्षा ड्राइव्हचं अॅप बरं, कारण मध्ये तुटलं तर ते राहिलेलं काम स्वतःहून पुढे नेतं.

कंपनीला फोन करण्याआधी

ओएनटीवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधला प्रकाश येत नाहीये आणि तुमच्या हाती काही नाही. तो लाल नसेल, तर फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर कुठे खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का, दारात चेपली आहे का ते बघा. फायबरला तीव्र वळण दिलं की प्रकाश गळतो. ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर आकडा लिहून घ्या. तो उणे २७ डीबीएमच्याही खाली, म्हणजे उणे २८-२९ असेल, तर लाइन अशक्त आहे. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘राउटरचं पिंग ३ मिलिसेकंद आहे, ८.८.८.८ चं पिंग अपलोड करताना तुटतं, सकाळी ११ आणि दुपारी ४ ला तुटलं’ असं सांगा आणि दोन्ही खिडक्यांचा फोटो पाठवा. मग ‘राउटर बंद-चालू करा’ एवढं सांगून तुम्हाला परत पाठवणं कोणालाही अवघड जातं.

कार्डच गेलं असेल तर

काळ्या खिडकीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ लिहिलं की ‘सिग्नल’ टक्क्यांत दिसतो, आणि येण्या-जाण्याचा वेग ‘रिसीव्ह रेट’ व ‘ट्रान्समिट रेट’ असा वेगवेगळा दिसतो. राउटरच्याच खोलीत बसून सिग्नल साठ-सत्तर टक्केच असेल, किंवा ट्रान्समिट रेट रिसीव्हपेक्षा सतत फारच खाली असेल, तर आतली अँटेनाची तार सुटली असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप आधी स्क्रीनच्या बिजागरीसाठी किंवा साफसफाईसाठी उघडला गेला असेल, तर आणखीच. कार्डाला बहुधा दोन बारीक तारा जोडलेल्या असतात. त्यातली एक निघाली तरी वाय-फाय चालतं, पण रडतखडत. दुरुस्तीवाल्याला ‘विंडोज टाकून द्या’ सांगण्याऐवजी आधी या दोन तारा दाबून बसवायला सांगा. ते काम काही मिनिटांचं आहे.

तारा ठीक असूनही कार्ड कमजोर निघालं, तर बहुतेक लॅपटॉपांत ते बदलता येतं. काहींत मात्र ते मदरबोर्डवरच जोडलेलं असतं, म्हणून विकत घेण्याआधी उघडून बघायला सांगा. बदलता येत नसेल तर यूएसबीत खोचायचा वाय-फायचा डाँगल घ्या, पण दोन्ही बँडवर चालणारा. फक्त २.४ वाला स्वस्त मिळतो आणि बाजारपेठेतल्या गर्दीत पुन्हा तोच त्रास देतो. डाँगल थेट लॅपटॉपला न खोचता हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलवर, हार्डडिस्कपासून दूर आणि राउटर दिसेल असा टेबलावर उभा ठेवा. रोज एकाच टेबलावर बसून अपलोड करणाऱ्या स्टुडिओने किंवा सेवा केंद्राने मात्र डाँगलच्याही आधी लॅनच्या केबलचा विचार करावा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीतून लॅन देणारा छोटा जोड मिळतो.